दानीएलाची सत्तर सप्तकं: दिवसाचं वर्ष कधी करायचं आणि कधी नाही?

पाटीपेन्सिल

आमच्या बायबल अभ्यासगटात सध्या दानीएलाचं पुस्तक चालू आहे. गट लहान, नऊ-दहा जणांचा. फळ्यावर आकडे लिहायचं काम माझ्याकडे. गेल्या खेपेला नवव्या अध्यायाशी आलो. सत्तर सप्तकं म्हणजे सत्तर गुणिले सात, ४९० दिवस, आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं सवयीने लिहून मोकळा झालो. तेवढ्यात मागे बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने हात वर केला.

"दादा, इथे दिवसाचं वर्ष केलंत. मग योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत दिली, तिथे चाळीस वर्षं का नाही? आणि येशू तिसऱ्या दिवशी उठला, तिथे?"

मी गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ पुढे केलं. दोन्हीकडे एका दिवसाला एक वर्ष, असं देवच सांगतो. ती म्हणाली, "तिथे सांगितलंय म्हणून तिथे. इथे कुठे सांगितलंय?" मी फळा पुसायला घेतला. दुसरं काय करणार?

तर मंडळी, नियम नेमका काय? की आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत एकक बदलत राहायचं? जाणकारांनी लिहा. आणि एक विनंती, कृपा करून इथे तारखा जाहीर करू नका.

गणितमास्तर

मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तुमचं उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली. पूर्ण मार्क नाहीत.

दानीएल ९:२४ मध्ये 'दिवस' हा शब्दच नाही. मूळ हिब्रूत 'शाबुईम' आहे, म्हणजे 'साते'. आपण 'दोन डझन' म्हणतो तेव्हा चोवीस कळतात, पण चोवीस काय ते आधीच्या बोलण्यावरून कळतं, तसंच. आणि आधीचं बोलणं काय चाललंय? त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात दानीएल यिर्मयाचं पुस्तक वाचतोय आणि यरुशलेम सत्तर वर्षं ओसाड राहणार या आकड्यावर विचार करतोय. बोलणं वर्षांचं आहे, म्हणून साते वर्षांची. दिवसाचं वर्ष करायची गरजच पडत नाही.

गंमत पुढच्या पानावर आहे. दहाव्या अध्यायात दानीएल तीन सप्तकं शोक करतो, तिथे हिब्रूत 'दिवसांची' असा शब्द जोडलेला आहे. म्हणजे लिहिणाऱ्यालाही वाटलं असावं की आता वाचणारा वर्षं समजेल, फोड केलेली बरी.

शंकासुर

म्हणजे दादांनी बरोबर उत्तर कॉपी करून आणलं आणि पायऱ्या मनाने लिहिल्या. आम्ही दहावीत हेच करायचो.

पाटीपेन्सिल

@शंकासुर, कबूल.
@गणितमास्तर, हे मला माहीतच नव्हतं. पण मग दिवस-वर्षाचा नियम कुठे लावतात?

निळीशाई

खरी मारामारी आठव्या अध्यायात आहे. दानीएल ८:१४, २३०० 'संध्याकाळ-सकाळ', मग पवित्रस्थान शुद्ध होईल. इथे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट: मंदिरात रोज संध्याकाळी एक आणि सकाळी एक असे दोन होम होत. २३०० होम बंद पडले म्हणजे ११५० दिवस. अंतियोख एपिफानेस या ग्रीक राजाने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट केलं आणि इ.स.पू. १६४ मध्ये यहूदा मक्काबीने ते पुन्हा समर्पित केलं. हनुक्का त्याचाच सण. आकडा जवळपास बसतो, तंतोतंत मात्र नाही. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे ते अंतर तीन वर्षं आणि दहा दिवस, म्हणजे ११५० पेक्षा थोडं कमीच. दुसरी वाट: २३०० सरळ दिवस, सव्वासहा वर्षांच्या आसपास, आणि सुरुवात मंदिर भ्रष्ट होण्याच्या आधीपासून धरायची.

तिसरी वाट विल्यम मिलरची. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट. त्याने २३०० दिवसांची २३०० वर्षं केली आणि सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, अर्तहशश्त राजाने एज्राला यरुशलेमला पाठवलं ते साल. उत्तर १८४३. ते साल सरलं, १८४४ चा वसंत सरला, मग सॅम्युअल स्नो नावाच्या प्रचारकाने प्रायश्चित्ताच्या दिवसाशी सांगड घालून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. कित्येक शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतच ठेवले, काढणी केली नाही. रात्र उलटली, काहीच झालं नाही. इतिहासात त्याला 'महानिराशा' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायरम एडसन मक्याच्या शेतातून चालला असताना त्याला उमगलं (असं त्याने पुढे लिहिलं) की तारीख बरोबर आहे, जागा चुकली. शुद्ध व्हायचं पवित्रस्थान पृथ्वीवरचं नसून स्वर्गातलं आहे. त्यातून पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची स्थापना झाली.

उंटावरचा_शहाणा

तारीख बरोबर, जागा चुकली! पाहुणे आलेच होते, पण वरच्या मजल्यावर, असं म्हटल्यासारखं झालं. खोटं पाडता येत नाही असं उत्तर शोधलं की मग कसलीच काळजी नाही.

निळीशाई

@उंटावरचा_शहाणा, मी अ‍ॅडव्हेंटिस्ट नाही, तरी हे इतकं स्वस्तात काढू नका. मिलरने वर्षानुवर्षं बायबल आणि शब्दसूची घेऊन एकेक वचन ताडून पाहिलं होतं. नेमका दिवस सांगायला तो स्वतः तयार नव्हता, स्नोची तारीख त्याने अगदी शेवटी मान्य केली. आणि तारीख चुकल्यावर चूक झाली हे त्याने जाहीर कबूल केलं. आजकालचे किती जण करतात?

जुनी_वही

मिलरच्या १८४३ आणि १८४४ वरून आठवलं. माझ्या आजोबांचं बायबल माझ्याकडे आहे. दानीएल नऊच्या समासात त्यांनी पेन्सिलीने वजाबाकी मांडलीय. दानीएल ९:२५ प्रमाणे यरुशलेम पुन्हा बांधायच्या आज्ञेपासून अभिषिक्तापर्यंत ६९ सप्तकं, म्हणजे ४८३ वर्षं. ४८३ वजा ४५७ बरोबर २६. त्यावर काट, शेजारी २७, आणि बारीक अक्षरात 'शून्य साल नाही!' उद्गारचिन्ह त्यांचंच. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, म्हणून एक वाढवावा लागतो. म्हणजे ६९ सप्तकं इ.स. २७ च्या सुमारास संपतात, येशूच्या बाप्तिस्म्याच्या काळात. मिलरची मंडळी १८४३ वरून १८४४ वर सरकली त्यात हाच हातचा होता.

खरी गोष्ट मत्तय २४ च्या पानावर आहे. अंजिराच्या झाडाच्या दाखल्याशेजारी निळ्या शाईने लिहिलंय, १९४८ + ४०. अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, राष्ट्र झालं १९४८ मध्ये, पिढी चाळीस वर्षांची. उत्तर लिहून नंतर खोडलंय. शाईवर खोडरबर चालत नाही, पण त्यांनी घासघासून तो कागद इतका पातळ केलाय की पान उजेडाकडे धरलं तर मागच्या बाजूची अक्षरं उलटी दिसतात. त्याविषयी घरात ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

वाटाड्या

१९८८ तेव्हा फार जोरात होतं. नासात काम केलेल्या एका अभियंत्याची पुस्तिका त्या वर्षी लाखोंनी खपली, सप्टेंबरात विश्वासणारे स्वर्गात उचलले जाणार म्हणून. नाही झालं, तर पुढच्या वर्षी सुधारित तारीख. त्यानंतर लोकांनी पिढीच ताणली. स्तोत्र ९० मध्ये आयुष्य सत्तर वर्षांचं म्हटलंय, फार तर ऐंशी, म्हणून पिढी सत्तरची, मग ऐंशीची. रबराची मोजपट्टी.

पण भाकितांत अंतरं असतात हे मात्र मी मानतो. लूक चौथ्या अध्यायात येशू सभास्थानात यशया ६१ वाचतो आणि 'प्रभूचं प्रसादाचं वर्ष' इथे वाक्य अर्ध्यात सोडून ग्रंथ गुंडाळतो. पुढचे शब्द 'सूड घेण्याचा दिवस' असे आहेत, ते वाचतच नाही. लांबून दोन डोंगर एकाला एक चिकटलेले दिसतात, जवळ गेलं की मधली दरी कळते. सत्तराव्या सप्तकाआधी अशीच दरी आहे. ६९ संपली, घड्याळ थांबलं, शेवटची सात वर्षं अजून यायची आहेत. आणि २ पेत्र ३:८ विसरू नका, प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा.

मृदगंधा

@वाटाड्या, रबराची मोजपट्टी म्हणून हसलात आणि पुढच्याच परिच्छेदात चारशे नव्वदच्या पोटात दोन हजार वर्षं कोंबलीत!

'सत्तर सप्तकं नेमली आहेत' असं गब्रीएल म्हणतो. नेमलेल्या मुदतीत अनिश्चित काळाची सुट्टी घालायची तर मुदत नेमायची कशाला? जॉन डार्बी या प्रचारकाने आणि त्याच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात ही मांडणी लोकप्रिय केली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे ती घरोघरी गेली. बऱ्याच जणांना आता टीप कुठली आणि वचन कुठलं हेच वेगळं दिसत नाही.

आणि पेत्राचं ते वचन कृपया पूर्ण वाचा. एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षं एका दिवसासारखी. दोन्ही बाजूंनी चालणारं कोष्टक हे कोष्टकच नव्हे. देव उशीर करत नाही, धीर धरतो, एवढंच पेत्राला सांगायचंय.

माझं मत सरळ आहे. मत्तय २४:३४ मध्ये 'ही पिढी' म्हणजे ऐकणारी पिढी. चाळीस वर्षांच्या आत, इ.स. ७० मध्ये, रोमन सेनापती तीताच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जमीनदोस्त केलं. दानीएलाला १२:४ मध्ये सांगितलं की पुस्तक अंतसमयापर्यंत बंद करून शिक्का मार, म्हणजे अंत लांब आहे. प्रकटीकरण २२:१० मध्ये योहानाला उलट सांगितलं, शिक्का मारू नकोस, समय जवळ आहे. दानीएलापासून अंतियोखापर्यंतची शेकडो वर्षं 'लांब' आणि योहानापासून आजपर्यंतची दोन हजार वर्षं 'जवळ'? हे काही माझ्या गळी उतरत नाही.

वाटाड्या

इ.स. ७० मान्य. पण मनुष्याचा पुत्र मेघारूढ होऊन येताना सगळ्यांना दिसला का? मेलेले उठले का? सगळंच मागे ढकललंत तर प्रभू येईल, मेलेले उठतील असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं त्याचं करायचं काय?

मृदगंधा

सगळं ढकलत नाही. पुनरागमन आणि पुनरुत्थान पुढेच आहे. त्याचं वेळापत्रक छापलेलं नाही, एवढंच म्हणतेय.

तिकीट_तपासनीस

आत्ता सीमेवर जे चाललंय त्यात यहेज्केल ३८ मधला, इस्राएलवर चालून येणारा गोग स्पष्ट दिसतोय. माझ्या हिशेबाने पुढच्या

[उरलेला प्रतिसाद काढला आहे. धागाकर्त्याची विनंती वाचावी. — व्यवस्थापन]

शंकासुर

अरेरे, नेमक्या तारखेच्या आधी कात्री लागली. आता आम्हाला तो दिवस व घटका ठाऊक नाही.

अबोली

हसा, पण यात घरं भरडली जातात म्हणून लिहिते.

२०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रचारकाने २१ मे ही तारीख दिली होती. त्याचा हिशेब असा की जलप्रलय इ.स.पू. ४९९०, नोहाला सात दिवसांची सूचना, एक दिवस म्हणजे हजार वर्षं, म्हणून सात हजार वर्षांनी २०११. (शून्य साल नाही हे त्यालाही माहीत होतं.) बाहेरून आलेल्या एका वक्त्याने ते आमच्या मंडळीत तक्त्यासकट मांडलं. दादा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. त्याने परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. आईला जूनमध्ये कळलं.

बावीस तारखेची सकाळ मला आठवते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दादा बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आला तेव्हा म्हणाला, "टॉवेल कुठाय?" बस्स. घरात त्या विषयावर झालेलं एकूण बोलणं तेवढंच.

कॅम्पिंगने नंतर २१ ऑक्टोबर सांगितलं, तेही गेलं. मार्च २०१२ मध्ये त्याने लेखी कबुली दिली की तारीख सांगणं हे पाप होतं. त्या माणसाबद्दल तेवढं बरं वाटतं. आमच्याकडे आलेला वक्ता मात्र पुढच्या वर्षी दुसरा विषय घेऊन आला.

एकांत

अबोली, दादा आता कसा आहे?

अबोली

बरा आहे. एक वर्ष गेलं, मग परीक्षा दिली. उपासनेला येतो, प्रकटीकरणावर प्रवचन असलं की बाहेर जाऊन उभा राहतो.

निळीशाई

अबोलीच्या दादासारखी माणसं अठराशे वर्षांपूर्वीही होती. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिप्पोलित या ख्रिस्ती लेखकाने दानीएलावर भाष्य लिहिलं. त्यात तो सांगतो, सिरियातला एक मंडळीप्रमुख लोकांना बायकापोरांसह रानात घेऊन गेला, ख्रिस्ताला भेटायला. डोंगरात भटकणाऱ्या त्या लोकांना सरकार दरोडेखोर समजून मारणारच होतं. पोंतातल्या दुसऱ्या एकाने स्वप्नं पाहून सांगितलं की वर्षाच्या आत न्याय होणार. लोकांनी शेतं पडीक टाकली, चीजवस्तू विकली. वर्ष उलटलं आणि भीक मागायची पाळी आली.

आणि हे लिहिणारा हिप्पोलित स्वतः काय म्हणतो? सृष्टीची सहा हजार वर्षं, ख्रिस्त जन्मला ५५०० मध्ये, म्हणजे अंत इ.स. ५०० च्या सुमारास. स्वतः तेव्हा हयात नसणार एवढं लांब ठेवलं, हा त्याचा शहाणपणा.

गणितमास्तर

न्यूटनचंही तेच. त्याच्या हस्तलिखितात २०६० हे साल सापडतं, इ.स. ८०० अधिक १२६० (प्रकटीकरणातले १२६० दिवस, वर्षं धरून). पण त्याने सोबत लिहून ठेवलंय की अंत कधी ते ठासून सांगायला हे लिहीत नाही, उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून लिहितो.

सगळ्यात काटेकोर गणित मात्र रॉबर्ट अँडरसनचं. नेहम्याला यरुशलेम बांधायची परवानगी मिळाली ते इ.स.पू. ४४५ पासून सुरुवात, वर्ष ३६० दिवसांचं, ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस. उत्तर थेट ६ एप्रिल, इ.स. ३२, येशूचा यरुशलेम प्रवेश. ३६० चा आधार उत्पत्तीत आहे, जलप्रलयाचे पाच महिने म्हणजे १५० दिवस. ऐकायला झकास. पण यहुदी लोक मधूनमधून अधिक महिना घालून वर्ष ऋतूंशी जुळवत असत. सलग ४८३ वर्षं ३६० च्या मापाने कोणी मोजलीच नाहीत. शिवाय वधस्तंभाचं साल बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ धरतात, ३२ नाही.

हा अँडरसन स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे शाखेचा प्रमुख होता. १८८८ मध्ये, जॅक द रिपरच्या वेळी.

शंकासुर

रिपर सापडला नाही, तो रिकामा वेळ इकडे सत्कारणी लावला.

पाटीपेन्सिल

वाचतोय, शिकतोय. पण मूळ प्रश्न तसाच आहे. मोजणाऱ्यांची यादी झाली, नियम नाही मिळाला. उद्या संध्याकाळी पुन्हा तिच्यासमोर उभं राहायचंय.

गणितमास्तर

मला विचाराल तर एकक लेखकाकडूनच घ्यायचं. त्याने वर्ष म्हटलं किंवा संदर्भ वर्षांचा असला तर वर्ष, नाहीतर दिवस म्हणजे दिवस. गणना आणि यहेज्केल हे नियम नाहीत, दोन प्रसंग आहेत. उलट दिशाही बघा. गणनात चाळीस दिवसांची हेरगिरी आधी झाली, चाळीस वर्षं ही तिची शिक्षा. यहेज्केलात वर्षं आधीची, दिवस नंतरचे.

दुसरं, सुरुवात. हातातल्या आकड्यापेक्षा तो कुठून मोजायचा यावर सगळं ठरतं, आणि तिथेच प्रत्येक जण गुपचूप आपल्याला सोयीचं साल घेतो. कोरेश ५३८, अर्तहशश्त ४५७, पुन्हा अर्तहशश्त ४४५. ज्याला इ.स. २७ हवं त्याने ४५७ घेतलं, ज्याला ३२ हवं त्याने ४४५.

आणि योनाबद्दल तिला सांगा, तिथे चाळीस दिवस म्हणजे चाळीसच दिवस होते. पण ते भरल्यावर काही झालंच नाही, कारण निनवेने पश्चात्ताप केला. यिर्मया १८ मध्ये देव हे तत्त्व म्हणूनच सांगतो. म्हणजे मुदत दिली तरी ती अटीवर असू शकते. हे कुठल्या तक्त्यात बसवणार?

जुनी_वही

यिर्मयाची सत्तर वर्षंही बघा. इ.स.पू. ६०५ पासून कोरेशाच्या फर्मानापर्यंत मोजली तर सत्तरला दोन-तीन कमी भरतात. मंदिर पडलं ५८६, पुन्हा उभं राहिलं ५१६, तर बरोबर सत्तर. जी भाकीत पुरी झाली असं सगळेच मानतात, तिचीही सुरुवात एकच नाही.

आणि मला दानीएल ९ चं तिसरं वचन फार आवडतं. दुसऱ्या वचनात त्याला आकडा कळला. तिसऱ्यात त्याने काय केलं? तक्ता काढला नाही, कोणाला तारीख सांगितली नाही. गोणपाट नेसला, राख घेतली, उपास करून पापं कबूल करत बसला. सत्तर आता भरत आली असं मानून त्याने प्रार्थना केली आणि देवदूताने हातात काय ठेवलं, तर सत्तर गुणिले सात.

मृदगंधा

हे भारी आहे. इतक्या वेळा वाचलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वचनाची ही जोडी लक्षात आली नव्हती. @वाटाड्या, यावर तरी एकमत?

वाटाड्या

यावर आहे. दरी मात्र सोडणार नाही. :)

निळीशाई

जुन्या काळच्या ऑगस्टिन या बिशपने असल्या मोजणाऱ्यांना प्रेषित १:७ ऐकवलं होतं. काळ व समय जाणणं तुमच्याकडे नाही, हे वचन सगळ्यांची मोजणारी बोटं मोकळी करून त्यांना विसावा घ्यायला सांगतं, असं म्हणतो. त्या काळी आकडे बोटांवर धरून ठेवत.

पाटीपेन्सिल

काल गट झाला. 'शाबुईम' सांगितलं, माझी रीत चुकली होती हे कबूल केलं. योनाची अट सांगितली, ती तिला पटली. जुनी_वही यांची दुसऱ्या-तिसऱ्या वचनाची गोष्ट सांगितली तेव्हा खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग तिने बाराव्या अध्यायाचं पान उघडलं. "दादा, ११ व्या वचनात १२९० दिवस आहेत. १२ व्यात १३३५ पर्यंत वाट पाहणारा धन्य म्हटलंय. मधल्या ४५ दिवसांत काय होतं?"

गणितमास्तर

फळा पुसायला घ्या.